आईच्या मणक्यांबद्दल दुसरं मत

दुपारी पावणेतीनला आईंनी पुन्हा एक कॉल जोडला.

वहिनी स्वयंपाकघरात सिंक पुसत होती. आतून आवाज आला तो आईंचा हल्लीचा, पाठीतल्या कळेनं मध्येच तुटणारा आवाज नव्हता. स्वच्छ आणि सपाट होता, एका पट्टीतला.

"बोला, कुठला नंबर हवाय? ... लाइनवर राहा. जोडते."

वहिनीच्या हातातलं फडकं थांबलं. घरात सगळेच तिला वहिनी म्हणत, नवराही चेष्टेच्या लहरीत असला की तेच म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा आई, तिच्या सासूबाई, अजून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. एकतीस वर्षं त्यांनी तारा खोचून कॉल जोडायच्या बोर्डावर काढली. एक्स्चेंज बंद होऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती. घरातला फोनही गेल्या वर्षी, सासरे गेल्यावर, काढून टाकला होता. वायर जिथून आत यायची ते भोक तिच्या नवऱ्यानं, दादानं, स्वतः लांबी भरून बुजवलं होतं.

ती हात पुसत आत गेली. आई खुर्चीत दोन उशांना टेकून बसल्या होत्या. डावा हात कानावर होता. उजव्या हाताची दोन बोटं हवेतून काहीतरी उपटत होती आणि जरा वर, जरा उजवीकडे खोचत होती. नजर समोरच्या भिंतीवर होती आणि भिंतीवर काहीही नव्हतं.

पहिले आठ दिवस वहिनीला याची भीती वाटली होती. मग त्या भीतीचं दुसरंच काहीतरी होऊन बसलं. हल्ली अडीच वाजले की ती हातातली कामं भराभर उरकायची.

"तुझा आहे," आई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझे वडील. बोलतेस?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. तिचे वडील पाणीपुरवठा खात्यात होते, जन्मभर पाइपलाइनवर. चार वर्षांपूर्वी गेले, एकटे, खोलीवर. त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला होता. मुलीच्या शाळेची गडबड चालली होती. वडिलांचा फोन म्हणजे अर्धा तास. वहिनीनं नाव बघितलं आणि फोन ओट्यावर पालथा घातला. दोन तासांनी शेजाऱ्यांचा आला. तो आलेला, न घेतलेला कॉल तिनं नंतर फोनमधून पुसून टाकला. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि दीड महिन्यापूर्वी, याच खुर्चीत, कानावर हात ठेवून आई म्हणाल्या होत्या, "ते म्हणतायत, त्या दिवशी उचलला नाहीस ते बरंच झालं. उचलला असतास तर तुला ऐकू आलं असतं."

वहिनीला तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभं राहावं लागलं होतं.

"काय म्हणतायत आज?" तिनं विचारलं.

आई मान कलती करून ऐकत राहिल्या. वहिनीला फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती. तरी तिनं श्वास रोखला होता.

"बूट अजून ओलेच आहेत म्हणतात." मग थोड्या वेळानं, "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत का?"

"वाढवा," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आईंचा हात मांडीवर पडला. चेहरा बघता बघता सैल झाला, ओठ कोरडे, डोळे म्हाताऱ्या बाईचे. "पाणी दे गं," त्या कण्हत म्हणाल्या. "घसा नुसता सुकतोय." सकाळपासून पाण्याचा हा तिसरा जग होता.

दारात चिमी होती. दादाची धाकटी बहीण, वय चव्वेचाळीस, तरी घरात चिमीच. छापखान्यात मुद्रितं तपासायची. काखेत फाइल आणि कानामागे पेन्सिल घेऊनच ती फिरे.

"कुणाशी बोलत होतीस?" तिनं चप्पल काढत विचारलं.

"कुणाशी बोलणार? आईंशी," वहिनी म्हणाली. खोटंही नव्हतं ते.

*

दादा दुकान बंद करून सातला घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर आईचे सगळे रिपोर्ट ओळीनं मांडलेले होते. त्याला ते आवडलं नाही. औषधाचं दुकान त्याचं, आईची औषधं तो बघणार, गोळ्यांच्या पट्ट्या रबरबँड लावून महिन्याच्या महिन्याला तोच आणणार. फाइल त्याच्या कपाटात असायची.

"मंगळवारी सकाळी आठला," तो हात धूत म्हणाला. "बेड सांगून ठेवलाय. दोन मणक्यांत सिमेंट भरतील आणि ते वर्षातून एकदाचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी घरी."

"दादा, मंगळवार पुढे ढकल," चिमी म्हणाली. "दुसरं मत घेऊ."

"कशावर? रिपोर्टमध्ये सरळ लिहिलंय. ऑस्टिओपोरोसिस. हाडं ठिसूळ झालीत, दोन मणके दबलेत. पोरालाही वाचता येईल."

"मला नाही ना येत." चिमीनं पट्टी उचलून एका ओळीखाली धरली, छापखान्यात धरायची तशी. "तीन जागी प्रश्नचिन्ह घालावंसं वाटतंय. एक, आई कधी पडली नाही, दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज तासभर चालायची, तरी दोन मणके कसे दबले? दोन, तिला अन्न जात नाही, नुसतं पाणी पिते. हाडांनी भूक मरते का? तीन, हे बघ. गेल्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट. कॅल्शियम अकरा पॉइंट चार. बाकी सगळे आकडे बारीक टायपात, हा एकच ठळक. यंदाच्या तपासण्यांत कॅल्शियम नाहीच."

"ठळक आहे म्हणजे भरपूर आहे," दादा म्हणाला. "हाडांत नाही तर रक्तात तरी आहे. चांगलंच की."

तो ठळक आकडा त्यानं आधी बघितला होता. वर्षापूर्वी, काउंटरवर उभा असताना, समोर सहा गिऱ्हाइकं. क्षणभर थबकला होता आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली होती. त्यानंतर मणके दुखायला लागले तेव्हा त्यानं आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या एकीच्या दोन केल्या. चांगल्या कंपनीची, महागातली.

"तुला छापलेल्यात चूक सापडली नाही की जेवण जात नाही," तो म्हणाला. "अठरा वर्षं त्या हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या दुकानात येते. उद्या त्यांना काय तोंड दाखवू? तुमच्यावर विश्वास नाही म्हणू?"

"विश्वासाचा काय संबंध? मी स्वतः तपासलेलं पान दुसऱ्याला देते. डोळा चुकतो म्हणून. त्यात माझा अपमान होत नाही."

"आई म्हणजे पान नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

चिमीनं वहिनीकडे बघितलं. या घरात बहीण-भावाचं वाजलं की वहिनी बहिणीच्या बाजूला, हे ठरलेलं होतं. वडिलांच्या आजारपणात, घराच्या वाटणीत, अगदी भिंतींच्या रंगावरूनही. वहिनी पाण्याचे ग्लास भरत होती.

"होऊन जाऊ दे मंगळवारी," ती म्हणाली. "आईंना अजून किती दारं हिंडवायची? आणि नवीन डॉक्टर म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळे प्रश्न."

चिमीनं पट्टी खाली ठेवली. दादाला आधी बरं वाटलं, मग का कोण जाणे, बरं वाटेना. बायकोचा चेहरा त्यानं नीट बघितला. ती ग्लास काठोकाठ भरत होती आणि पाणी टेबलावर सांडत होतं.

आतल्या खोलीतून, बंद दाराआडून, स्वच्छ आवाज आला. "लाइन बिझी आहे."

तिघंही जागच्या जागी थांबली.

"झोपेत बोलते," दादा म्हणाला. "वेदनेच्या गोळ्यांनी होतं तसं."

"हो, झोपेत," वहिनी म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

चिमीनं कानामागची पेन्सिल काढली आणि हातात नुसती फिरवत राहिली.

*

डॉक्टरांच्या पाठीमागून काही करायचं नाही, असं चिमीनं ठरवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुण्या नव्या डॉक्टरकडे न जाता हाडांच्या डॉक्टरांकडेच जाऊन बसली. बाहेर कमरेला पट्टे लावलेली, पाय प्लॅस्टरमध्ये घातलेली माणसं. तिचा नंबर सतरावा.

डॉक्टर साठीचे, घाईतले, मान वर न करता बोलणारे. "दुसरं मत? घ्या की. मला कशाला राग येईल? तुमच्या भावाला वाटत असेल तसं."

"घ्यायचं आहे, पण कुणाचं तेच कळत नाही," चिमी म्हणाली. "इंटरनेटवर वाचायला बसले तर प्रत्येक जण काहीतरी विकतोय. ओळखीत विचारलं तर जो तो आपल्या डॉक्टरची स्तुती करतो. म्हणून तुम्हालाच विचारायला आले. तुमची आई असती आणि तुम्हाला शंका असती, तर कुणाकडे नेलं असतं?"

डॉक्टरांनी मान वर केली. तिनं गेल्या वर्षीचा रिपोर्ट पुढे सरकवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. बाहेर नर्सनं अठराव्या नंबराला हाक मारली, ती त्यांनी हातानं थांबवली.

"हा कागद माझ्याकडे आला नव्हता."

"भावाच्या फाइलीत होता."

"मी यंदा मागवायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते स्वतःशी बोलल्यासारखं होतं. मग त्यांनी पॅड ओढून एक नाव आणि पत्ता लिहिला. "मोठ्या हॉस्पिटलमध्ये ग्रंथींच्या डॉक्टर आहेत या. ऑपरेशन करत नाहीत, दवाखाना चालवत नाहीत, त्यामुळे तुमच्या आईला काय करायला सांगतात त्यात त्यांचं काही अडकलेलं नाही. आणि आमची मैत्री नाही, हेही सांगतो. दोनदा त्यांनी माझं चुकतंय म्हणून मला लेखी कळवलंय."

"मग?"

"दोन्ही वेळा चुकलं होतं." त्यांनी कागद फाडून दिला. "मंगळवार रद्द करतो. भावाला मीच फोन करतो. आज उद्या करू नका, लवकर दाखवा."

जिन्यावरून उतरताना चिमीला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण ‘लवकर’ हा शब्द तिच्या मागे मागे पायऱ्या उतरत होता.

*

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावरचा कॉरिडॉर लांबलचक होता आणि दोन्ही बाजूंची दारं बंद. आईंना चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची दादा ढकलत होता. डॉक्टरांच्या फोनपासून तो कुणाशी फारसं बोलला नव्हता. चिमी फाइल छातीशी धरून चालत होती. वहिनी सगळ्यांत मागे. तिला एकसारखं वाटत होतं की आपल्या मागूनही कुणीतरी चालतंय, ओल्या पायांनी. दोनदा तिनं वळून बघितलं. फरशी कोरडी होती.

ग्रंथींच्या डॉक्टर पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही. आईंना धरून उभं केलं, भिंतीशी टेकवलं आणि उंची मोजली.

"पूर्वी किती होती, कुणाला माहीत आहे?"

"माझ्या ओळखपत्रावर आहे," आई एकदम म्हणाल्या. "एकशे अठ्ठावन्न."

"आता एकशे एक्कावन्न." डॉक्टरांनी त्यांना हळूच बसवलं. मग प्रश्न सुरू झाले. तहान लागते? रात्री किती वेळा उठतात? पोट साफ होतं का? कधी मुतखडा?

"झाला होता, सहा वर्षांपूर्वी," दादा म्हणाला. त्याचा आवाज प्रत्येक उत्तराला बारीक होत चालला होता. "मग पुन्हा एकदा."

"कॅल्शियमची गोळी?"

"रोज दोन. आणि ड जीवनसत्त्व आठवड्याला. मीच देतो."

डॉक्टरांनी लिहिलं. "आणि मन? विसरणं, घाबरणं, भास होणं, समोर नसलेल्या माणसाशी बोलणं?"

"नाही," दादा म्हणाला. "क्वचित झोपेत बडबडते."

"दिवसभर घरात यांच्याजवळ कोण असतं?"

सगळे वहिनीकडे वळले. वहिनीनं तोंड उघडलं. शब्द तयार होता. ‘नाही’ म्हटलं की संपलं. उद्या पुन्हा पावणेतीन वाजतील. गेल्या चार वर्षांत तिला कुणी इतक्या वेळा सांगितलं नव्हतं, की बरंच झालं, तुझा दोष नाही. ते आता कुठून येणार होतं?

आईंचा डावा हात सावकाश वर गेला आणि कानाशी थांबला. नजर डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर, जिथे फक्त दिव्याचं बटण होतं.

"तुझा आहे," त्या वहिनीला म्हणाल्या. त्या स्वच्छ आवाजात, सगळ्यांसमोर. "घाईत आहेत. म्हणतायत, सांगू नकोस."

चिमीच्या हातून फाइल निसटली. दादा आईकडे बघतच राहिला. हा आवाज त्यानं लहानपणी ऐकला होता, शाळा सुटल्यावर एक्स्चेंजच्या खिडकीखाली उभा राहून. त्यानंतर एकदाच, त्या संध्याकाळी बंद दाराआडून, आणि तेव्हा त्यानं तो झोपेतला ठरवला होता.

वहिनीनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"रोज," ती म्हणाली. "रोज दुपारी. दीड महिना झाला. कॉल जोडतात. मेलेल्या माणसांचे. माझ्या वडिलांचा तर रोजच." तिला रडू फुटलं, तरी ती थांबली नाही. "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला ते ऐकायचं असायचं."

आईंचा हात अजून कानावरच होता, पण चेहऱ्यावर गोंधळ होता, जसा मध्येच लाइन तुटल्यावर होतो.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी उठून आईंच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावली, बोटांना काही लागणार नाही हे माहीत असूनही. "इथे गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. त्यातली एखादी बिघडून वाढली, तर ती हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतत बसते. हाडं रिकामी होतात, मूत्रपिंडात खडे होतात, भूक मरते, तहान वाढते. आणि फार वाढलं की डोकं भरकटतं. मला तसा संशय आहे. रक्त आत्ता घेऊ, दुपारपर्यंत कळेल. गोळ्या या क्षणापासून बंद."

"म्हणजे मी..." दादा म्हणाला.

"तुम्ही लोकांना रोज सांगता तेच केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "हाडं ठिसूळ, कॅल्शियम घ्या. बहुतेकांना ते बरोबरच असतं. तुमच्या आईला नव्हतं." मग त्यांनी चिमीला विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला असं काही?"

चिमी मान हलवणार तेवढ्यात आई बोलल्या. हा आवाज दोन्हींतला नव्हता. तो बारीक होता, लाजलेला.

"माझी आई. अशीच वाकत गेली. शेवटी हंडाभर पाणी प्यायची आणि भिंतीशी बोलायची. मी तेव्हा नोकरीला लागले होते. दिवसभर घरी कुणी नसायचं, म्हणून मी जाताना तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायचे." त्यांनी हात कानावरून खाली घेतला. "पाच महिने लावली. तिचं रक्त कुणी तपासलं नाही. तपासायचं असतं, हेच कुणाला माहीत नव्हतं."

चिमी आईच्या खुर्चीपाशी खालीच बसली आणि तिनं आईचे दोन्ही हात धरले. दादानं मान फिरवली.

"काही घराण्यांत हे पुढे चालतं, तुमच्यात असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही दोघं बहीणभाऊ कॅल्शियम तपासून घ्या."

दुपारी आईंचा रिपोर्ट आला. तेरा पॉइंट दोन.

*

आईंना तिथेच ठेवून घेतलं. तीन दिवस सलाइन चालू होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोनदा हात वर नेला आणि दोन्ही वेळा अर्ध्यात थांबवला. तिसऱ्या दिवशी पावणेतीनला वहिनी त्यांच्याकडे बघत बसली होती. आई सफरचंदाची फोड चावत होत्या. पावणेतीनचे तीन झाले, साडेतीन झाले. काही आलं नाही.

वहिनी उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि खिडकीशी उभी राहिली. वडील गेले त्या दिवशी ती इतकी रडली नव्हती.

पुढच्या आठवड्यात गळ्याचा स्कॅन झाला आणि नंतर ऑपरेशन. गळ्यावर बोटभर चीर. डावीकडची खालची ग्रंथी, फुगून जर्दाळूच्या बीएवढी झालेली. सिमेंटची आत्ता गरज नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून ठरवलं. हाडं हळूहळू सावरतील, वर्षभरानं पुन्हा घनता मोजू, मग इंजेक्शनचं ठरवू. गेलेली उंची परत येणार नाही, हे मात्र ग्रंथींच्या डॉक्टरांनी आईंना स्वतः सांगितलं. आई म्हणाल्या, "वरच्या फळीवरचं काढायला सून आहे."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमी आत आईपाशी होती. दादा आणि वहिनी बाहेर बाकावर बसले होते. दादाच्या कोपराच्या वळणात कापसाचा बोळा चिकटवलेला होता. त्यानं आणि चिमीनं सकाळीच रक्त दिलं होतं.

"तो आकडा मी बघितला होता," दादा म्हणाला. "वर्षापूर्वी. काउंटरवर. बघून घडी घातली."

वहिनीनं त्याचा निघत आलेला बोळा पुन्हा दाबून बसवला.

"मी रोज लोकांना सांगतो, रिपोर्टमध्ये ठळक काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या आईचा खिशात घातला. आणि गोळ्या वाढवल्या." त्यानं तळहातांनी डोळे दाबले. "चिमीला अजून सांगितलेलं नाही."

"सांगा तिला," वहिनी म्हणाली. मग ती समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. भिंत पांढरी होती आणि तिच्यावर काही नव्हतं. "मलाही सांगायचंय. बाबा गेले त्या सकाळी त्यांचा फोन आला होता मला. मी उचलला नाही."

"सात दहाला," दादा म्हणाला.

वहिनीनं मान वळवली.

"मी चहा घेत होतो टेबलाशी. तू फोन पालथा घातलास, तो ओट्यावर थरथरत होता. नंतर बातमी आली तेव्हा मला कळलं कुणाचा होता ते. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोललो. वाटलं, बोललो तर तुला तो फोन रोज ऐकू येईल."

"चार वर्षं?"

"मला राहवलं नाही म्हणून फक्त आईला सांगितलं होतं. म्हटलं, तिला कधी विचारू नकोस. आईनं विचारलं नाही."

वहिनीला आधी राग आला, चांगला सणसणीत. चार वर्षं आपण एकटीनं वाहिलेलं ओझं या घरात तिघांनी मिळून, एकमेकांना चुकवत वाहिलं होतं. तिनं त्याच्या दंडावर एक फटका मारला, कापसाच्या बोळ्यावरच. तो कळवळला, पण त्यानं हात मागे घेतला नाही.

मग राग ओसरत गेला, तशी खाली एक गोष्ट उघडी पडली. म्हणजे आईंना सगळं माहीत होतं. भिंतीतून काही आलं नव्हतं. आईंनी चार वर्षं ते जपून ठेवलं होतं, तोंड उघडलं नव्हतं. आणि डोकं ताब्यात राहिलं नाही तेव्हा सगळ्यांत आधी तेच बाहेर पडलं, सुनेला दोष द्यायला नव्हे, तर तिची समजूत काढायला.

ती उठून आत गेली. चिमी तिचा चेहरा बघून काही न विचारता पाण्याचा जग भरायला बाहेर निघून गेली.

आई जाग्या होत्या. गळ्याला पट्टी, आवाज घोगरा, डोळे मात्र स्वच्छ. वहिनी पलंगाशी उभी राहिली. तिला पुष्कळ काही बोलायचं होतं, सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"आई, त्या दिवशी बाबांचा फोन मी उचलला नव्हता."

"माहीत आहे गं," आई म्हणाल्या आणि पाठीला सांभाळत, इंच इंच करत, पलंगावर तिच्यासाठी जागा करायला लागल्या. "ये. बस इथे."